फोटोच्या बाहेरचे भोरे गुरुजी

भोरे गुरुजींनी सहा वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "बाई, शाळेसाठी काय करायचं ते करा. पण माझं नाव कुठं लावू नका आणि मला फोटोत घेऊ नका. एवढं पाळा." मी हो म्हटलं होतं. ते मी पाळलं नाही. त्याचं पुढं काय झालं हे आता सांगायला हरकत नाही, कारण ज्यांच्यापासून लपवायचं ती माणसं राहिली नाहीत, आणि जो राहिला आहे त्याला विचारूनच लिहिते आहे.

आमची शाळा जामखेडपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, उघड्या माळावर. दोन खोल्या, दोन शिक्षक, चौथीपर्यंतचे वर्ग. पट तेवीस-चोवीस, ऊसतोडीला माणसं निघून गेली की त्याहून कमी. गुरुजी माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, पांढरा शर्ट पँटवर सोडलेला, आणि आवाज इतका हळू की पोरं ऐकण्यासाठी आपोआप गप्प बसत. गावातच एका खोलीत एकटे राहत. लग्नाचं विचारलं की म्हणत, "राहून गेलं." जसं काही बाजारातून मीठ आणायचं राहून गेलं.

मी रुजू व्हायला गेले त्या दिवशी एक माणूस व्हरांड्यात उकिडवा बसून पोरांच्या चपला जोडीनं लावत होता. मी स्कूटी लावली आणि विचारलं, "मामा, हेडमास्तर कुठं भेटतील?"

"बसा बाई. एवढं होऊ द्या," तो म्हणाला. प्रत्येक जोडीवर बोट टेकवत त्यानं मोजायला सुरुवात केली. शेवटची जोडी झाल्यावर बोट आणखी एकदा टेकलं, रिकाम्या फरशीवर, आणि तो "चोवीस" म्हणून उठला. हेच हेडमास्तर. आत पोरं तेवीस होती. मला वाटलं माझीही जोडी धरली असेल. पण माझ्या सँडल माझ्या पायातच होत्या.

ही मोजणी दिवसातून चार वेळा चाले. शाळा भरताना, जेवणाआधी, जेवणानंतर, सुटताना. आकडा दर वेळी एकानं जास्त. हिशेब न येणारा माणूस म्हणावा, तर गणित त्यांच्याइतकं सोपं करून शिकवणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. मी एकदा विचारलं, "गुरुजी, हा एक जास्तीचा कोण?" तर म्हणाले, "कमी पडण्यापेक्षा बरं." आणि पेनाला टोपण लावून वर्गावर गेले.

परिपाठाला पोरं रांगेत उभी राहत. हातभर अंतर ठेवून, नीट. पण रांगेत शेवटाकडं एका ठिकाणी दोन हात अंतर पडायचं. मी पोरांना पुढं सरकवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा वैतागून तिसरीतल्या एका मुलीला विचारलं.

"बाई, तिथं जागा हाय," ती म्हणाली.

"कुणाची?"

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं. "लहानीची."

"कोण लहानी?"

"गुरुजी मोजत्यात ती."

मग माझ्या लक्षात आलं. गुरुजी रांगेतून जाताना एकेका डोक्याला हात लावून मोजत. त्या मोकळ्या जागेपाशी आले की त्यांचा हात इतरांपेक्षा खाली जाई, कमरेच्याही खाली, आणि क्षणभर हवेत थांबे. पोरांनी त्या हातावरून उंची ठरवली होती आणि जागा सोडली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. वरच्या वर्गातली पोरं शाळा सोडून जात, पहिलीत नवी येत, आणि जागा तशीच राही. माझ्या अंगावर काटा आला आणि मी लगेच फोटो काढला. माझं हे असं आहे.

हो, मला फोटोची हौस. लपवून काय करायचं? हल्ली शाळेत झाड लावलं तर ते जगलं नाही तरी चालतं, फोटो लागतो. खिचडीचा फोटो, हात धुण्याचा फोटो, फोटो पाठवल्याचा फोटो. मी ते सगळं आवडीनं करायची, आणि ग्रुपवर अंगठे आले की दिवस चांगला जायचा. गुरुजी या सगळ्यात कुठंच नसायचे. वर्गात शिकवताना चोरून काढला तरी ऐन वेळी मान वळलेली निघे.

एकदा तालुक्याचे साहेब तपासणीला आले. खूश झाले, म्हणाले चला, सगळ्यांचा एक फोटो. गुरुजींना टाळता येईना. उभे राहिले. मी मोबाईल धरला, आणि सगळ्यांनी हसऱ्या तोंडानं पुढं बघितलं तेव्हा गुरुजी पाठमोरे झाले.

"अहो गुरुजी, कॅमेरा इकडं आहे!" साहेब म्हणाले.

"असू द्या साहेब. सगळे तिकडंच बघायला लागल्यावर मागं कुणीतरी बघायला पाहिजे ना."

सगळे हसले. मागं काय होतं? कुंपणाची तार, एक बाभळ आणि माळ. पण ते इतक्या शांतपणे म्हणाले होते की जाताना साहेबांनीही दोनदा मागं वळून बघितलं.

पोरांना डाळिंबाची बाग दाखवायला नेलं होतं तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. वाटेत एक विहीर लागली. काठावर चपलांचा एक जोड, आणि आसपास माणूस नाही. गुरुजी जागच्या जागी थांबले. हाका मारल्या, उत्तर नाही. मला वाटलं वाकून बघतील. पण ते काठापासून चार पावलं मागंच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही बघा." ओठ पांढरे पडले होते. मी वाकून बघितलं. हिरवं, हलत नसलेलं पाणी. दुसरं काही नाही.

"तुम्ही पोरांना घेऊन व्हा पुढं," ते म्हणाले आणि त्या चपलांशेजारी मातीत बसले.

आम्ही दोन तासांनी परतलो तरी ते तिथंच, भर उन्हात. तेवढ्यात पलीकडच्या वावरातून एक शेतकरी अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आला. पिकाला पाणी धरायला गेला होता. "अवं गुरुजी, माज्या चपला राखीत बसलाय व्हय?" तो खो खो हसला. गावात महिनाभर ही गोष्ट पुरली. गुरुजीही हसायचे. पण त्या दिवशी शाळा सुटताना त्यांनी पोरं चार वेळा मोजली होती, आणि मी हसू शकले नव्हते.

आमच्या शाळेतला एक मुलगा कुठल्याशा स्पर्धा परीक्षेत जिल्ह्याच्या यादीत आला तेव्हा गावानं त्याला जीपवर बसवून गुलाल उधळला. शिकवलं गुरुजींनी, म्हणून सरपंच हार घेऊन त्यांना शोधत फिरत होते. गुरुजी सापडेनात. शेवटी मलाच सापडले, दुसऱ्या एका पोराच्या घरी. तोही त्याच परीक्षेला बसला होता आणि दोन गुणांनी हुकला होता. गुरुजी त्याच्यासोबत चुलीपुढं बसून भाकरी खात होते. बाहेर डीजेचा दणका चालू. मी म्हटलं, "गुरुजी, सगळं गाव तिकडं आहे." ते म्हणाले, "म्हणून तर. टाळ्या वाजायला लागल्या की मोजणी चुकते, बाई."

आता माझी चूक सांगते.

गुरुजींच्या निवृत्तीचं वर्ष आलं. तालुक्यातल्या एका संस्थेनं आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी प्रस्ताव मागवले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, शिक्षक आदर्श आहे हे बहुतेक वेळा त्यालाच लिहून द्यावं लागतं. विटेएवढी जाड फाईल करायची, त्यात कात्रणं, प्रमाणपत्रं आणि फोटो, फोटो, फोटो. गुरुजी असलं काही करणं शक्यच नव्हतं. मी ठरवलं, आपण गुपचूप करायचं. एवढा मोठा माणूस असा नावाशिवाय निघून जाणार, याचा मला मनापासून राग येत होता. आणि शाळेचं नाव झालं की थोडं माझंही होणार, हेही मनात होतं. दोन्ही खरं आहे.

सरपंच तयारच होते. पण फाईल अडली, कारण गुरुजींचा चेहरा दिसेल असा एकही फोटो कुठं नव्हता. मग मी त्यांच्या जुन्या शाळेत फोन लावला. शेवगावच्या बाजूचं गाव, पंचवीसेक वर्षांपूर्वीची नोकरी. तिथले मुख्याध्यापक नवीन होते, पण नाव ऐकताच म्हणाले, "अहो, ते विहिरीवाले गुरुजी! बुडणारं पोर वाचवलं होतं त्यांनी. तो पोरगा आता टेम्पो चालवतो. नंबर देतो."

मला तर लॉटरीच लागली. संतोष त्याचं नाव. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मोबाईलवर एका कात्रणाचा फोटो पाठवला. कात्रण लॅमिनेट करून ठेवलेलं. काळ्यापांढऱ्या फोटोत तरुण भोरे गुरुजी, ओलेचिंब, गळ्यात हार, कडेवर सहा-सात वर्षांचा मुलगा, मागं गर्दी आणि विहिरीचा काठ. मथळा, ‘शिक्षकाने वाचवले बालकाचे प्राण.’

"कार्यक्रमाला तुम्ही यायचंच," मी म्हटलं.

त्यानं विचारलं, "आईला आनू का?"

"आणाच!" मी म्हणाले. इतक्या उत्साहानं मी आयुष्यात क्वचित काही बोलले असेन.

पुरस्कार मिळाला. तो शाळेतच द्यायचं ठरलं. गुरुजींना आम्ही सांगितलं, साधा निरोप समारंभ आहे. सरपंचांनी कात्रणाचा मोठा फ्लेक्स करायला टाकला. फ्लेक्सवाला पोरगा म्हणाला, "जुना फोटो हाय मॅडम. ॲपमधी टाकून क्लिअर करून देतो. कलर बी येतोय आता."

त्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. फ्लेक्स फाटकाशेजारी बांबूंना ताणून लावला होता, दोन पुरुष उंच. फोटो खरंच लख्ख झाला होता. नको इतका. गुरुजींचा चेहरा गुळगुळीत, कुणा दुसऱ्याच माणसाचा वाटावा असा. वारा सुटला होता, आणि फ्लेक्स आत-बाहेर व्हायचा तसं विहिरीचं पाणी हलल्यासारखं वाटायचं.

गुरुजी नेहमीच्या वेळेला आले आणि फ्लेक्सपुढं थांबले. मी हसत पुढं झाले. ते रागावतील, मग मी समजूत काढीन, असं मी धरून चालले होते. ते रागावले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "चपला मोजा."

"कुठल्या?"

"मागं. काठावर."

ते कात्रण मी शंभर वेळा पाहिलं असेल. काठावर एक करडा डाग होता, त्यापलीकडं मला काही दिसलं नव्हतं. आता तो डाग राहिला नव्हता. विहिरीच्या काठावर चपलांचे दोन जोड होते. एक तपकिरी. त्याच्याशेजारी, अगदी खेटून, एक बारका, लाल पट्ट्यांचा.

"दोन," मी म्हणाले.

"आणि वर पोरं किती आली?"

मी कडेवरच्या एकट्या पोराकडं बघितलं.

"मी एकदाच बुडी मारली, बाई. हा हाताला लागला, वर आणला. लोकांनी हार घातला. शेजारच्या गावी कार्यक्रमाला आलेला पेपरवाला पळत आला. फोटो झाला, मिरवणूक झाली, मारुतीपुढं नारळ फुटला. संध्याकाळी ह्याची आई कापूस वेचून घरी आली. माझ्या पाया पडली. आणि मग इकडंतिकडं बघून म्हणाली, अन् धाकटी?"

गुरुजींनी फ्लेक्सकडं पाठ केली. "पेपरात तो फोटो आला. धाकटीचं काही आलं नाही. नाव झालं ते झालंच. जिथं जाईन तिथं, विहिरीवाले गुरुजी. आणि ह्याच्या आईसमोर उभं राहवेना. म्हणून बदली मागून ह्या कोपऱ्यात आलो."

मी काही बोलणार तोच फाटकाशी टेम्पो थांबला. धावत जाऊन तो परत पाठवावा असं मला वाटलं. तोवर संतोष उतरला, तिशी ओलांडलेला, इस्त्रीचा निळा शर्ट घातलेला. त्यानं आईला हात देऊन उतरवलं. यमुनाबाई बुटक्या, डोक्यावर पदर. पंचवीस वर्षं ज्या बाईसमोर यायचं नाही म्हणून गुरुजी माळावर येऊन राहिले, त्या बाईला मी आग्रहाचं आमंत्रण देऊन बोलावलं होतं.

त्या गुरुजींकडं आल्याच नाहीत. सरळ फ्लेक्सकडं गेल्या आणि त्या बारक्या चपलांवर हात ठेवला.

"लालच हुत्या," त्या म्हणाल्या. "पेपरात तर समदं काळं हुतं. ह्या रंगवनाऱ्याला कुनी सांगितलं?"

मी नंतर फ्लेक्सवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आमी काय न्हाई केलं मॅडम. ॲपनंच दिला कलर."

गुरुजी पुढं झाले आणि हात जोडले. "यमुनाबाई, मी त्या दिवशी मोजलं नाही."

"तुमचं काय चुकलं गुरुजी? तुमाला काय म्हाईत दोगं हुती ते. ह्यो तर घाबरून मुका झालेला. सांगनार कोन?"

"मला बोलता येत हुतं," संतोष म्हणाला.

तो आईकडं बघत नव्हता. फ्लेक्सवरच्या स्वतःकडं बघत होता.

"मला शुद्ध हुती, आई. समदं कळत हुतं. मला उचलून घेतलं, पेढा दिला, माळ घातली. त्यो फोटोवाला म्हनला, हस रं बाळा. मी म्हनलं, फोटो झाला की सांगू. मग मिरवणूक निघाली. म्हनलं, ही झाली की सांगू." त्यानं आता आईकडं बघितलं. "मला लई ग्वाड वाटत हुतं, आई."

मी वर बघितलं. कात्रणात त्या पोराचा चेहरा नुसते ठिपके होता, मी तो भेदरलेला समजत होते. फ्लेक्सवर तो स्वच्छ हसत होता.

"खोटं आहे!" गुरुजी ओरडले. सहा वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "मी छातीशी धरलं होतं तुला. तुझे डोळे फिरले होते. तुला कसली शुद्ध? लहानपणापासून ऐकून ऐकून तू मनात रचलंयस हे. यमुनाबाई, ह्याचं काही ऐकू नका. चूक माझी. मला माळ आवडली, म्हणून मी मागं बघितलं नाही. ऐकलंत का? मला आवडली."

मला वाटतं गुरुजी आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा खोटं बोलले. यमुनाबाई फ्लेक्सवरच्या त्या हसऱ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग पाहुण्यांच्या गाड्या आल्या, स्पीकर सुरू झाला, आणि कुणीतरी त्यांना नेऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं.

मी सरपंचांना म्हणणार होते, रद्द करा. पण गुरुजींनीच संतोषचा हात धरला आणि ते स्टेजवर चढले. शाल घेतली, नारळ घेतला, हार घालून घेतला. दोन शब्द बोला म्हटल्यावर बोललेही. म्हणाले, "पोर वाचवलं ते मीच. त्याचं श्रेय माझं, आणि जे काही राहिलं असेल तेही माझंच." लोकांना दुसरं वाक्य कळलं नाही. टाळ्या मात्र दोन्ही वाक्यांना पडल्या.

"गुरुजी, इकडं बघा," फोटोग्राफर म्हणाला. मीही मोबाईल वर केला होता. गुरुजींनी समोर बघितलं. आणि तेव्हा त्यांना दिसलं, मलाही दिसलं, की यमुनाबाई त्यांच्याकडं बघतच नाहीत. त्या मुलाकडं बघत होत्या. पापणी न हलवता, कधी न पाहिलेल्या माणसाकडं बघावं तसं. संतोषची मान खाली गेली. गुरुजी अर्धं पाऊल सरकून त्याच्यापुढं आले, छाती काढून उभे राहिले आणि हसले. त्याच क्षणी फोटो निघाला.

तो फोटो पेपरात आला, ग्रुपवर फिरला. ज्यांनी गुरुजींची साधेपणाबद्दल वर्षानुवर्षं स्तुती केली होती, त्यांच्यातल्याच एकानं खाली लिहिलं, ‘शेवटी हौस कुणाला सुटते? पोराला मागं ढकलून स्वतः पुढं.’ त्याला भराभर अंगठे आले. मी तीन वेळा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. उत्तर देणं म्हणजे संतोषचं नाव घेणं होतं. संध्याकाळी राहवेना, म्हणून गुरुजींना फोन केला. म्हटलं, लोक तुमच्याबद्दल वाट्टेल ते बोलताहेत.

"बोलू द्या. मी काही तो फोटो बघितला नाही," ते म्हणाले. "त्यात तो दिसतो का हो, बाई?"

"नाही गुरुजी. शर्टाची एक बाही दिसते फक्त."

"चेहरा नाही ना?"

"नाही."

"मग झालं," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.